आठवीच्या वर्गातला खटला

मे महिना आला की आमच्याकडे न्यू जर्सीला लेकीच्या शाळेत आठवीचा लुटुपुटूचा खटला असायचा, पालकांनी घरून एकेक पदार्थ करून न्यायचा आणि दोन तास कॅफेटेरियात बसायचं. खटला दरवर्षी तोच, ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनेत बसतं का. निकाल १७ मे १९५४ चा, म्हणून तोच आठवडा.

कोण कोण होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. थर्गुड मार्शल, म्हणजे काळ्या मुलांच्या बाजूचा वकील, सगळ्यांनाच व्हायचं असायचं, आमच्या पोरीला नेमका जॉन डेव्हिस आला, साउथ कॅरोलिनाचा वकील, शाळा वेगळ्याच ठेवा म्हणणारा. घरी रडारड, मी असलं बोलणारच नाही. मग हळूहळू १८९६ चा प्लेसी निकाल, वेगळं पण समान असलं तर चालतं म्हणणारा, पाठ झाला, शाळा चालवणं हा राज्यांचा हक्क वगैरे जेवताना आम्हालाच ऐकवायला लागली.

न्यायाधीश मोठ्या भावंडांचे ग्रॅज्युएशनचे गाऊन घालून यायचे, पायात अडकायचे. सुप्रीम कोर्टात साक्षीदार नसतात खरं तर, पण बाईंनी खालचं-वरचं कोर्ट एकच करून टाकलेलं, क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोची बाहुल्यांची साक्ष त्यांना सोडवत नव्हती. बाहुल्या त्याच त्या, गोरीचा हात सेलोटेपने चिकटवलेला. "यातली छान कोणती?" असं विचारलं की लहान काळी मुलंसुद्धा गोरीकडे बोट दाखवायची, हे सांगताना हॉलमध्ये चमच्याचाही आवाज यायचा नाही.

आणि त्या वर्षी डेव्हिस जिंकला की हो! पाच-चार! पोरीचा चेहरा पांढराफटक. बाई शांतपणे म्हणाल्या, खऱ्या कोर्टानेही १९५२ ला ऐकून निकाल दिला नव्हता, १९५३ ला परत ऐकलं, मधे सरन्यायाधीश वारले, अर्ल वॉरन आले आणि त्यांनी नऊही जणांना शाळा वेगळ्या ठेवता येणार नाहीत या एका निकालावर आणलं, तर आपण सोमवारी परत उभे राहू.

गाडीत सासूबाई, त्या साताऱ्याच्या, नातीला म्हणाल्या, आमच्या साताऱ्यात शाळेत बाबासाहेबांना वेगळं बसवायचे, बसायला गोणपाट घरून आणायचं आणि नळाला हात लावायचा नाही.

"मग त्यांचा वकील कोण होता?"

"तेच झाले की गं पुढे."

सोमवारी नऊ-शून्य. हरून आली आणि दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.