आमची वाटचाल : खानापूरची डॉज आणि आमचं शिशाचं सील

डिझेल गाड्यांच्या पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान आम्ही 1989 साली टाकलं. पंप इंजिनला डिझेल मोजून देतो, नोझल ते फवारतो. बेळगावात, खानापूर रोडला, भाड्याचे दोन गाळे. भागीदार अण्णा गोकाकचे. त्यांचं मराठी अर्धं कन्नड आणि माझं कन्नड अर्धं मराठी, पण पंप उघडून बाकावर ठेवला की बोलायची गरजच पडायची नाही. टेस्ट बेंच, म्हणजे पंप फिरवून तपासायचं यंत्र, हुबळीहून जुना आणला. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, त्या सोडवायला तीन वर्षं लागली.

बेंचवरच्या काचेच्या नळ्या आजही मी स्वतः पुसतो. पंप ठरलेल्या आरपीएमला फिरवायचा, ठरलेले स्ट्रोक मोजायचे, आणि सहाही नळ्यांत तेल एका पातळीला उभं राहिलं पाहिजे. एक नळी केसभर खाली दिसली तरी अण्णा पंप परत सोडायला लावायचे. नोझल टेस्टरचा दांडा ते डोळे मिटून मारायचे. चांगला नोझल दाबाला आला की चर्र चर्र बोलतो आणि धुक्यासारखा फवारा सोडतो. गप्प राहून टोकाला थेंब धरणारा नोझल अण्णा बाजूला फेकायचे. "इदु माताडल्ला," म्हणायचे, हा बोलत नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं माप जुळवणं, झालं की जास्तीत जास्त डिझेल ठरवणाऱ्या मॅक्स फ्युएलच्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील दाबायचं. त्या सीलवर आमचा शिक्का असायचा, म्हणजे आमचा शब्द.

पुढची पंचवीसेक वर्षं उसाच्या, वाळूच्या, लाकडाच्या गाड्या येत राहिल्या आणि आम्ही पंप बांधत राहिलो.

1 एप्रिल 2017 ला देशभर धुराचे बीएस-4 नियम लागू झाले. नव्या ट्रकांना कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल आली, आम्ही बांधायचो तो जुना इनलाइन पंप हळूहळू मागे पडला. त्याच सुमारास रस्त्यापलीकडे एक नवं सेंटर उघडलं. काचेची केबिन, स्कॅनर, लॅपटॉप. सात वर्षं आमच्याकडे शिकलेला मुलगा तिकडे गेला. पगार जास्त होता, संसार होता, त्याचं मी कधी वाईट मानलं नाही. पण तिकडे काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगितलं जायचं की पलीकडचा बेंच जुना झालाय, त्यांचं कॅलिब्रेशन चुकतं. हे मला तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी येऊन सांगितलं. मी विसरलेलो नाही.

पुढे अण्णांचा हात थरथरायला लागला आणि ते गोकाकला घरी बसले. मग 2020 चा लॉकडाऊन. शटर बंद, भाडं चालू, कर्जाचे हप्ते चालू. जूनमध्ये भंगारवाल्याला बोलावलं. त्याने बेंचला हात लावून किलोवर भाव सांगितला. मी उद्या ये म्हटलं आणि रात्रभर दुकानातच बसून राहिलो. सकाळी खानापूरच्या लाकूडवाल्या काकांचा फोन आला. "डॉज झटके मारूलीय. तूच बघ आता."

काका आमचे पहिल्या वर्षापासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या वडिलांची डॉज ट्रक, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, लांब नाकाची, मूळ पेट्रोलवर चालणारी. दरवर्षी तिच्यावरून गल्लीचा गणपती विसर्जनाला निघतो. पेट्रोलचं इंजिन संपल्यावर काकांनी तिला टाटाचं 697 डिझेल इंजिन बसवून घेतलं, सहा सिलिंडर, 5675 सीसी. नाक लांब असल्यामुळे ते आत बसलं. माउंटिंग आणि बेलहाउसिंगचं, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला जोडायच्या घराचं, काम उद्यमबागेत झालं. पंप आणि नोझल आम्ही करून, सील मारून दिले होते.

गाडी मोकळी असली की छान चालायची. माल भरून चढाला लागली की दहा-पंधरा मिनिटांनी मिसिंग, मग झटके, मग बंद. अर्धा तास उभी केली की परत सुरू. काका आधी पलीकडच्या सेंटरला गेले होते, कारण माझं शटर बंद होतं. तिथे पंपाचे एलिमेंट, म्हणजे आतले दट्टे, बदलायला लावले, सील तोडून स्क्रू वाढवला, मोठं बिल दिलं. झटके तसेच राहिले, वर काळा धूर सुरू झाला. आणि काकांना सांगितलं की मूळ पंपच नीट बांधलेला नव्हता.

तुटलेलं सील बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही.

पंप उतरवला, बेंचवर घेतला, स्क्रू जागेवर आणला. गाडीवर चढवून पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढला, वाकडी नळी लावली आणि थेंब तुटतो तिथे टायमिंग, म्हणजे डिझेल सुटायची वेळ, धरलं. मग पाच लिटरचा डिझेलचा कॅन केबिनच्या टपाला बांधला, पारदर्शक नळीने थेट डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला जोडला, रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल परत आणणारी, नळी त्याच कॅनमध्ये सोडली. मागे वाळू भरली आणि वंटमुरी घाट चढलो. गाडी एकदाही अडखळली नाही. काका शेजारी बसले होते. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणजे पंप ठीक होता आणि दोष कॅनमुळे बाजूला पडलेल्या, गाडीच्या स्वतःच्या टाकीच्या लाइनमध्ये होता. टाकीची लाइन परत जोडली, फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये ती पारदर्शक नळी घातली. इंजिन तापेपर्यंत स्वच्छ डिझेल. मग मोहरीएवढे बुडबुडे, मागून त्यांची माळच. गाडीखाली आडवा झालो तेव्हा कळलं. अशा जुन्या पेट्रोल गाडीच्या टाकीला रिटर्नचं भोकच नसतं. इंजिन बसवणाऱ्याने पंपाचं आणि नोझलचं परतीचं डिझेल टी जोड टाकून पुन्हा सक्शनच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या, नळीतच सोडलं होतं. गरम, हवा मिसळलेलं डिझेल गोल गोल फिरत होतं, हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यात गिअरबॉक्सखाली पितळी नळीचा जुना जॉइंट ढिला. बाहेरून कोरडा ठणठणीत, कारण सक्शनच्या बाजूचा जॉइंट डिझेल गाळत नाही, हवा ओढतो.

टाकी उतरवली, धुतली, काठोकाठ पाण्याने भरून वरच्या बाजूला रिटर्नचा बुश बसवून घेतला. सक्शनची नळी नवी आणि जाड टाकली. टाकीच्या झाकणाचं गंजाने बुजलेलं हवेचं भोक मोकळं केलं. सगळं मिळून पलीकडच्या बिलाच्या चौथ्या हिश्श्यात झालं.

जुन्या पेट्रोल गाडीला डिझेल इंजिन बसवणाऱ्यांनो, टाकीला वेगळा रिटर्न दिल्याशिवाय सेल्फ मारू नका. गाडी चढावर बंद पडली तर पंपाला पाना लावण्याआधी कॅन टांगून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. एखादाच सिलिंडर मारत नसेल तर चालू इंजिनवर एकेक पाइपचा नट ढिला करा, ज्याने आवाज बदलत नाही तोच तुमचा. पाइपमधून उडणाऱ्या फवाऱ्यासमोर हात धरू नका, तो कातडी फोडून आत जातो. टाकीला वेल्डिंग करायचं तर पाणी भरूनच. आणि इंजिन बदललंत तर आरटीओत नोंद करून घ्या, नंबर जुळला नाही तर चेकपोस्टवर तासन्‌तास जातात.

त्या दिवशी भंगारवाला दुपारी आला, मी त्याला चहा पाजून परत पाठवला. काकांनी आपल्या ओळखीच्या लाकडाच्या आठ गाड्या पुढच्या दोन महिन्यांत माझ्याकडे पाठवल्या, सगळ्या जुन्या इनलाइन पंपाच्या. हप्ते त्यातून सुटले. पलीकडून मात्र आजवर कोणी येऊन चुकलं म्हणालेलं नाही.

मिरवणुका पुन्हा निघाल्या त्या वर्षी अनंत चतुर्दशीला डॉज कपिलेश्वर तलावाकडे निघाली, रात्रभर पहिल्या गिअरात, माणसाच्या चालीने. अण्णांना गोकाकहून आणलं होतं. बॉनेट उघडून त्यांनी पंपावर बॅटरी मारली, नवं सील अंगठ्याने चाचपलं आणि इंजिनच्या आवाजाकडे कान लावून बराच वेळ उभे राहिले.

"माताडताइदे," म्हणाले. बोलतंय.