कुठली म्हणायची ही?

आमची गोधडी घरी आली तेव्हा चारेक महिन्यांची असावी. असावी म्हणायचं कारण तिचा वाढदिवस कोणालाच माहीत नाही, आईबाप माहीत नाहीत, सापडली तेव्हा गळ्यात सुतळीचा एक तुटका तुकडा होता आणि तेवढाच काय तो तिचा बायोडेटा. पाठीवर काळा पट्टा, त्याखाली तपकिरी, पोट पांढरं, पुढच्या एका पायात पांढरा मोजा घातल्यासारखा रंग आणि दुसऱ्या पायातला मोजा बहुतेक धुवायला टाकलेला. डावा कान उभा, उजवा अर्ध्यातून मोडलेला. आई म्हणाली ही काय कुत्री आहे का, उरलेसुरले तुकडे जोडून शिवलेली गोधडी आहे नुसती, आणि आम्ही चांगलंसं नाव शोधत बसलो तोवर ती गोधडी म्हटलं की यायलाही लागली होती. लाडात असलो की गोधे, चिडलो की गोधडाबाई.

तिला फिरवायला नेलं की गेली नऊ वर्षं एक प्रश्न ठरलेला. "कुठली आहे हो ही?" आणि ब्रीडला आपण मराठीत जातच म्हणतो, त्यामुळे काही लोक तर सरळ "जात कोणती हिची?" असंच विचारतात. रस्त्यात उभं राहून असं माणसाबद्दल कोणी विचारलं तर आपण चार शब्द सुनावू, पण कुत्र्याचं विचारलं की आपणही लगेच उत्तर शोधायला लागतो. मी सुरुवातीला "मिक्स आहे" म्हणायचे. मग पुढचा प्रश्न, कशाचं मिक्स? माहीत नाही म्हटलं की समोरचा स्वतःच तपासणी सुरू करतो, शेपटी बघतो, पंजा हातात घ्यायला जातो (गोधडी देत नाही), आणि मग निकाल. एकाने जबडा बघून लॅब्राडॉर सांगितलं. एका बाईंनी कान बघून जर्मन शेफर्ड सांगितलं, म्हणजे उभा कान, दुसऱ्या कानाचं काय करायचं ते नाही सांगितलं. एक काका ठाम होते की हिच्यात बीगल आहे, पोट बघा पोट. पोटाचं कारण वेगळं आहे, ते आमच्या बाबांना विचारा.

या अंदाजांमध्ये फारसा दम नसतो हे मला नंतर कळलं. अमेरिकेत २००९ साली काही संशोधकांनी शेल्टरमधून दत्तक दिलेली वीस कुत्री घेतली आणि शेल्टरवाल्यांनी कागदावर लिहिलेली जात आणि डीएनए टेस्टमध्ये निघालेली जात शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर बहुतेकांचं जुळलंच नाही. आता रोज शंभर कुत्री हाताखालून जाणाऱ्यांची ही गत, तर पोट बघणाऱ्या काकांना काय दोष द्यायचा. आणि कुत्र्यांमध्ये एकाच वेताच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणजे सख्ख्या भावंडांकडे बघूनही काही ठरवता येत नाही.

एवढं वाचूनसुद्धा मी डीएनए टेस्ट केलीच. हो, केली. नऊ वर्षं लोकांना "जातीचं काय घेऊन बसलाय" असं ऐकवून शेवटी गुपचूप किट मागवलं, गोधडीच्या गालात तो कापसाचा बोळा फिरवला (तिला वाटलं खाऊ आहे, काडीसकट चावायला निघाली) आणि पाठवून दिला. घरात पैजा लागल्या. भाऊ शेफर्डवर, मी लॅबवर, आई म्हणाली काहीही निघू दे, माझं अंथरूण सोडणार आहे का ती.

रिपोर्ट आला त्यात पाचसहा नावं होती, सगळी चिल्लर, आणि सगळ्यात मोठा हिस्सा कुठल्याच ब्रीडचा नव्हता. तिथे लिहिलं होतं गावठी कुत्रा, म्हणजे इंग्रजीत लिहिलं होतं पण अर्थ तोच. मी आधी जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू. मग वाचायला बसले तेव्हा कळलं की आपण हे सगळं उलटंच धरून चाललोय. आपल्याला वाटतं आधी शुद्ध जाती होत्या आणि त्यांची भेसळ होऊन गावठी झाली. पण जगातली बहुतेक कुत्री मोकळी राहणारी, आपला जोडीदार आपण निवडणारी, कुठल्याही ब्रीडशी संबंध नसलेली अशीच आहेत आणि आधीपासून अशीच होती. आज आपण ज्यांना ब्रीड म्हणतो त्यातल्या बहुतेक सगळ्या गेल्या दीडदोनशे वर्षांतल्या. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला १८५९ साली कुत्र्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनचा केनेल क्लब निघाला, मग वंशावळीची वही आली, कान किती, नाक केवढं, कुठला रंग चालेल आणि कुठला नाही हे सगळं कागदावर आलं. त्याआधी विचारायचे ते कुत्रं काय काम करतं एवढंच. म्हणजे आमची गोधडी ही तुकडे जोडून शिवलेली नाहीच, ती तागा आहे, अख्खा तागा, आणि तुकडे त्यातून कापून नेलेत लोकांनी. हे मी आईला फार रंगवून सांगितलं. ती म्हणाली मग नाव बदलायचं का आता, आणि गोधडीने तेवढ्यात तिच्या हातातला चमचा चाटून घेतला.

नावावरून आठवलं. ऑस्ट्रेलियात वॉली कॉन्रन नावाचे गृहस्थ अंधांसाठी मदतनीस कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होते. एका अंध बाईंना कुत्रं हवं होतं पण नवऱ्याला केसांची अ‍ॅलर्जी, म्हणून त्यांनी १९८९ साली लॅब्राडॉर आणि केस फारसे न गळणारं पूडल यांची पिल्लं काढली. उरलेली पिल्लं सांभाळायला कोणी तयार होईना, वेटिंग लिस्टवर असलेल्यांनासुद्धा क्रॉस नको होतं. मग त्यांनी शक्कल लढवली आणि म्हणाले हे क्रॉस नाही, हे लॅब्राडूडल आहे, नवीन प्रकार. फोनवर फोन! पिल्लं तीच, आदल्या दिवशीची. पुढे त्याचा इतका धंदा झाला की आपण हे कशाला केलं असं ते स्वतःच जाहीरपणे म्हणाले. मिक्सला एक गोड नाव द्या, की झाली त्याची पण जात.

बरं, जात कळली की स्वभाव कळतो म्हणावं तर तेही नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना ढीगभर प्रश्न विचारले, दोनेक हजार कुत्र्यांचं डीएनए वाचलं, त्यात जातिवंत पण होती आणि मिक्स पण, आणि एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक त्याच्या जातीवरून किती सांगता येतो ते काढलं तर आलं जेमतेम नऊ टक्के. राहिलेल्या एक्क्याण्णव टक्क्यांत मग गोधडी बसते. म्हणजे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठून उभी राहणारी, पहिल्या दोनला डोळा पण न उघडणारी. फटाक्यांना न घाबरणारी पण फुग्याला घाबरणारी. कोणी रडत असेल तर जवळ जाऊन बसणारी, पण टीव्हीवर कोणी रडत असेल तर उठून आतल्या खोलीत जाणारी, त्यात तिची चूक आहे असं मला वाटत नाही. बसायच्या आधी तीन फेऱ्या, चौथी कधीच नाही, आणि पाहुणे आले की त्यांच्या चपलांमधली एकच, जोडी नाही, एकच, उचलून आणून माझ्या बेडजवळ ठेवायची, चावायची नाही, नुसती ठेवायची. हे कुठल्या ब्रीडचं लक्षण आहे ते काकांनी सांगावं.

आणि भुवई. तिच्या डोळ्यांवर दोन तपकिरी ठिपके आहेत, त्यातला डावा ती उचलते. आपण जेवायला बसलो की ती समोर येऊन बसते, मागत नाही हं, भुंकत नाही, पाय लावत नाही, फक्त तो आतला कोपरा वर जातो आणि डोळे एकदम मोठे आणि बिचारे होतात. २०१९ मध्ये एक शोधनिबंध आला होता की ही भुवई आतून वर खेचणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला तयार झालेला आहे आणि लांडग्यात जवळपास नसतोच. बहुतेक माणसांना असं तोंड करणारी पिल्लं जास्त भावली, पिढ्यानपिढ्या तीच सांभाळली गेली आणि स्नायू टिकला. मी हे बाबांना वाचून दाखवलं, म्हटलं बघा, तुम्हाला हजारो वर्षांपासून बनवतायत. बाबा म्हणाले बनवू दे. आणि आपल्या ताटातला घास खाली गेला. म्हणून पोट.

बाबा तिच्याशी बोलतात. म्हणजे बोलतो आपण सगळेच, पण बाबा तिला बातम्या देतात. त्यांचा गुडघा दुखतोय हे आम्हाला असंच कळलं, सकाळी गॅलरीत ते तिला सांगत होते की आज काही लांब जमणार नाही गं, काल रात्रभर ठणकत होता. आम्हाला दोन महिने काही पत्ता नव्हता.

ती आली त्याच आठवड्यात तिला पार्वो झाला होता, पिल्लांचा जीव घेणारा उलट्या-जुलाबांचा आजार. ज्यांनी पार्वो बघितलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही बघितला त्यांनी बघू नये. डॉक्टर म्हणाले आजची रात्र काढली तर काढली. चार दिवसांची ओळख, नाव पण धड ठेवलेलं नव्हतं. मी बाथरूमच्या फरशीवर टॉवेल टाकून तिच्या शेजारी आडवी होते, दर अर्ध्या तासाने पुसायचं, पंजे हातात धरून गरम करायचे, सलाइन चालू आहे ना बघायचं, परत आडवं व्हायचं. चौथ्या दिवशी पहाटे मी आत आले तर शेपटीचं टोक हललं. शेपूट नाही, नुसतं टोक, बोटाच्या पेराएवढं.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल म्हणून ठिकाण आहे, तिथे १९१४ साली एक जुनं दफन सापडलं, एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर कुत्रा, साधारण १४ हजार वर्षांपूर्वीचं. पुढे शंभरेक वर्षांनी त्या कुत्र्याचे दात नीट तपासले तेव्हा कळलं की ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा आजार, झाला होता, एकदा नाही, उलटून उलटून. कोणी पाणी पाजलं नसतं, ऊब दिली नसती तर ते तेवढंही जगलं नसतं असं संशोधकांचं म्हणणं. शिकारीला उपयोग नाही, राखणीला उपयोग नाही, नुसतं आजारी पिल्लू. १४ हजार वर्षांपूर्वी कोणीतरी रात्रभर पुसत बसलं होतं, आणि मला ते वाचताना त्या माणसाची पाठ किती दुखली असेल हेच आधी डोक्यात आलं.

रस्त्यावरून आलेल्या कुत्र्याचं एक असतं, त्याच्या आयुष्यातला पहिला भाग आपल्याला कधीच कळत नाही. रशियाने अंतराळात पाठवलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची होती, मिक्स, आणि रस्त्यावर थंडी-भूक काढलेली कुत्री जास्त तग धरतील म्हणूनच तसली निवडली होती. म्हणजे तिचे हाल हीच तिची पात्रता. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला वर पाठवलं, परत आणायची सोयच नव्हती, आणि ती उष्णतेने काही तासांतच गेली हे जगाला २००२ मध्ये कळलं. पण उड्डाणाच्या आधी त्या कामावरच्या एका शास्त्रज्ञाने, व्लादिमीर याझ्दोव्स्कींनी, तिला आपल्या घरी नेलं होतं, मुलांशी खेळायला, कारण तिच्याकडे आता फार वेळ नाही हे त्यांना माहीत होतं. मला यानाचं काही आठवत नाही, ते घरी नेणं तेवढं आठवत राहतं. माणूस म्हणून चांगलं की वाईट वाटावं ते कळत नाही.

गोधडीच्या पहिल्या चार महिन्यांतलं आम्हाला फक्त एक कळलं होतं, झाडू. कोणी झाडू हातात घेतला की ती पोटावर सरकत सोफ्याखाली जायची आणि तिथेच सू करायची. ओरडून नाही, मारून नाही, नुसता उचलला तरी. कोणी काय केलं असेल याचा विचार मी रात्री झोपताना खूप केलाय आणि तो कोणाच्या काही उपयोगाचा नाही. आम्ही व्हॅक्यूम क्लीनर आणला, त्याच्या आवाजाला ही बया ढिम्म नाही, वर त्याच्याशी खेळते. झाडू गेला माळ्यावर. फारच लागला तर मी हिला बाहेर न्यायची आणि आई तेवढ्यात पटकन झाडून घ्यायची, चोरी केल्यासारखं.

गेल्या महिन्यात दुपारी लाइट नव्हते आणि आई कंटाळून झाडू घेऊन बसली, तिला वाटलं गोधडी आत माझ्या खोलीत आहे. झाडत झाडत हॉलमध्ये आली तर ही मधोमध पसरलेली. आई जागच्या जागी थांबली, झाडू मागे लपवायलाही वेळ मिळाला नाही. गोधडीने मान उचलली नाही, फक्त तो डावा ठिपका वर गेला, झाडूकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि सुस्कारा टाकून डोळे मिटले.

मी संध्याकाळी आले तेव्हा गोधडी गॅलरीत बाबांच्या बातम्या ऐकत होती. हॉलची फरशी लख्ख, आणि मधोमध तिच्या आकाराचा, शेपटीसकट, धुळीचा एक तुकडा. आईने तो झाडला नव्हता.