तुम्ही विचारलंत म्हणून: इस्राएलाच्या स्तोत्रांत परराष्ट्रांना हाक कशासाठी?

स्तोत्रसंहितेच्या, म्हणजे बायबलमधील स्तोत्रांच्या ग्रंथाच्या, अभ्यासवर्गात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ही गीते इस्राएल लोकांची, त्यांच्या यरुशलेमेतील मंदिरात गाण्यासाठी रचलेली, मग ‘सर्व राष्ट्रांनो, परमेश्वराचे स्तवन करा’ ही हाक त्यांत कशी आली, आणि ती ऐकायला तेथे परके होतेच कोण?

प्रश्न रास्त आहे. 117 वे स्तोत्र अवघ्या दोन वचनांचे. पहिल्यात साऱ्या राष्ट्रांना पाचारण आहे आणि दुसऱ्यात कारण दिले आहे, ते असे की ‘आमच्यावर’ त्याची दया थोर आहे. इस्राएलावर झालेल्या दयेबद्दल इतरांनी का गावे, हा खरा पेच आहे. माझ्या मते तो 67 व्या स्तोत्रात सुटतो. तेथे गाणारा आधी आपल्या लोकांसाठी आशीर्वाद मागतो आणि लगेच हेतूही सांगतो, की त्यायोगे देवाचा मार्ग पृथ्वीवर कळावा व त्याचे तारण सर्व राष्ट्रांना कळावे.

ही राष्ट्रे अनोळखी नव्हती. 87 व्या स्तोत्रात त्यांची नावेच आहेत: राहाब म्हणजे मिसर (इजिप्त), बाबेल (बॅबिलोन), पलेशेथ (पलिष्ट्यांचा देश), सोर (किनाऱ्यावरचे फिनिकी शहर) आणि कूश (मिसराच्या दक्षिणेचा देश). मिसरात इस्राएलाचे पूर्वज गुलामीत राबले, पलेशेथाशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया झाल्या, बाबेलच्या सैन्याने तर मंदिरच जाळले. तरीही त्यांच्यातल्या माणसांची नोंद ‘सियोनेत (म्हणजे यरुशलेमेत) जन्मलेला’ अशी होईल, असे हे स्तोत्र म्हणते. (137 व्या स्तोत्रात त्याच बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटण्याची भाषा आहे, आणि ती मी वर्गात झाकून ठेवत नाही.)

आता ऐकणाऱ्यांविषयी. 96 वे स्तोत्र राष्ट्रांच्या कुळांना अर्पण घेऊन मंदिराच्या अंगणात बोलावते. यहूदियाचा राजा हेरोद याने नव्याने उभारलेल्या मंदिरात मात्र परक्यांना बाहेरच्या अंगणापर्यंतच मुभा होती. पुढच्या कठड्यावर ग्रीक भाषेत ताकीद कोरलेली होती, की आत जाताना पकडला गेलेला परका आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार राहील. त्यांपैकी एक शिलालेख 1871 मध्ये यरुशलेमेत सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. यहूदी व परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी एकमेकांचा स्वीकार करावा, हे रोमच्या ख्रिस्ती मंडळीला पटवताना येशूचा प्रेषित पौल याने 117 व्या स्तोत्राच्याच पहिल्या वचनाचा आधार घेतला, तेव्हा हा कठडा जागेवर होता. पुढे यरुशलेमेत जमावाने पौलाला धरले, तेही इफिसच्या त्रफिम नावाच्या परराष्ट्रीयाला त्याने मंदिरात नेले असावे या संशयावरून.