ज्याला गाडी येत नाही त्याचं कोलंबस

अमेरिकेतल्या लहान गावात गाडी चालवता येत नसेल, तर तुम्ही कितीही ठणठणीत असा, तुमची गणना सामानातच होते. कोणीतरी न्यायचं, कोणीतरी आणायचं. इंडियाना राज्यातलं कोलंबसही याला अपवाद नाही. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, दुकानं हमरस्त्यांच्या कडेला विखुरलेली. कोथिंबिरीची जुडी संपली तर संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत वरणावर नुसती फोडणी.

इथे कमिन्स ही इंजिनं बनवणारी कंपनी आहे, त्यामुळे पुणेकर आहेत. पुण्यात 1962 साली किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली तेव्हापासूनची ही सोयरीक. इंजिनिअर मुलं नोकरीला येतात आणि उन्हाळ्यात मागोमाग त्यांचे आईबाबा. ट्रेलवर पांढऱ्या बुटांवर साडी नेसलेली बाई दिसली, की ‘कोथरूड का?’ असं बेधडक विचारावं. नाही म्हणालीच, तर बाणेर म्हणेल.

पण गावाचा मधला भाग आम्हा बिनगाडीवाल्यांवर मेहरबान आहे. मुलगा ऑफिसला जाताना मला लायब्ररीपाशी सोडतो. लायब्ररी आर्किटेक्ट आय. एम. पेई यांची, 1969 ची. पॅरिसच्या लूव्हरमधला काचेचा पिरॅमिड बांधणारे तेच हे पेई. इथे मात्र त्यांनी साध्या लाल विटा वापरल्या. दारासमोरच्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची प्रचंड कमान आहे. आपल्याकडे असती तर भोवती कुंपण आणि ‘हात लावू नये’ची पाटी हमखास. इथे ती मुळात खालून चालत जाण्यासाठीच मागवलेली. पोरं तिच्या पोटातून पळतात, त्यांच्या आया सावलीत उभ्या राहून फोनवर बोलतात.

रस्त्यापलीकडे आर्किटेक्ट एलिएल सारिनेन यांचं 1942 मधलं चर्च आणि त्याचा उंच, सरळसोट मनोरा. त्यांचा मुलगा ईरो याने 1954 मध्ये बांधलेली काचेची बँक तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. बापलेकांची कामं बघायला लोक विमानाने येतात. मी पुस्तक बदलायला येते.

हे सगळं इथे आलं कुठून? कमिन्सचे जे. अर्विन मिलर यांनी गावापुढे एक प्रस्ताव ठेवला: शाळा बांधा, पैसा तुमचा, पण आर्किटेक्ट आम्ही दिलेल्या यादीतून निवडलात, तर त्याची फी कमिन्स फाउंडेशन भरेल. पुढे शाळांबरोबर इतर सार्वजनिक इमारतींनाही ही सवलत मिळाली. रॉबर्ट व्हेंचुरींसारख्या नामवंत आर्किटेक्टने इथे चक्क आगीच्या बंबांसाठी स्टेशन बांधलं. मिलर हुशार खरे. दानशूर माणसं बहुधा देऊळ नाहीतर पुतळा उभारतात; यांनी रोज लागणाऱ्या इमारती निवडल्या. कंपनीला चांगले इंजिनिअर गावात टिकवायचे होते, हा हिशेब त्यात होताच, आणि मला तो अजिबात खटकत नाही.

नदीही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक इथे मिळतात आणि पुढे व्हाइट रिव्हरचा पूर्वेकडचा फाटा होऊन वाहतात. काठावरचा मिल रेस पार्क 1992 चा. पाणी चढलं की पार्कातले रस्ते बुडतात, आणि ते बुडणार हे धरूनच तो आखला आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल बंद, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांना यात नवल नाही. जून 2008 मध्ये मात्र खरा दणका दिला तो या नदीने नव्हे, तर हॉ क्रीक नावाच्या ओढ्याने. पाणी हॉस्पिटलात शिरलं, रुग्णांना हलवावं लागलं, पुढे कित्येक महिने हॉस्पिटल बंद होतं. आंबिल ओढ्याचा पूर आठवणाऱ्या पुणेकराला ओढ्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

परतीला सिटी बस आहे, स्वस्त आणि बहुतेक रिकामी. ड्रायव्हर बायाबापड्यांना ओळखतात, दिसलं की हात करतात. रविवारी मात्र ती धावत नाही. त्या दिवशी आम्ही सगळे मुलाच्या गाडीतून वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या झहाराकोसमध्ये जातो. 1900 पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, संगमरवरी काउंटर, आपोआप वाजणारा भलामोठा जुना ऑर्गन. ऑर्गन सुरू झाला की सूनबाई काय बोलते ते ऐकू येत नाही. आइस्क्रीम मात्र उत्तम.