फोनवर सगळं आहे, मग वही कशाला?

आमच्याकडे शास्त्रीय गाणं ऐकायला तरुण मुलं येतात. गाणं सुरू झालं की मी वही उघडतो, तारीख घालतो, राग, गाणारा आणि साथीदार लिहितो, आणि थोड्या वेळाने कुणीतरी विचारतंच, "काका, फोनवर सगळं मिळतं की आता. मग ही वही कशाला?" दर वेळी काहीतरी थोडक्यात सांगून मी पुढचं लावतो. पण तोच प्रश्न तुम्हीही विचारलात म्हणून या वेळी नीट लिहितो.

आधी फोनबद्दल. माझं फोनवर मनापासून प्रेम आहे. मी मिरजेत वाढलो. थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना गेले आणि त्यांना मिरजेला आणून दर्ग्यात दफन केलं. ती कबर मी लहानपणी इतक्यांदा पाहिली की तिचं काही वाटेनासं झालं होतं. आवाज मात्र वर्षातून दोन-चारदा कानावर पडायचा, रेडिओवर, आणि तोही तीन-साडेतीन मिनिटं. ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तेवढीच असायची. पुन्हा कधी लागेल याचा नेम नाही. त्यामुळे रेडिओ सुरू झाला की आई फोडणीसुद्धा थांबवायची. आता रात्री दिवा मालवून मी त्यांचा झिंझोटी राग लागोपाठ सहा वेळा ऐकतो. तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, आवाज जिथे ठरतो, तिथे पुन्हा पुन्हा जातो. माझ्या वडिलांना हे सुख मिळालं नाही. पूर्वीचं ऐकणंच खरं होतं असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं, कारण पूर्वी आम्ही फार कमी ऐकत होतो.

वही या सुखाच्या विरोधात नाही. फोन जे सांगत नाही, ते तिच्यात असतं.

फोनवर एखादा ख्याल लावा. गाणाऱ्याचं नाव दिसतं. रागाचं नाव कधी असतं, कधी चुकलेलं असतं. तबल्यावर कोण? हार्मोनियमवर कोण? सारंगी असेल तर ती कुणाची? मागे तानपुऱ्यावर बसून स्वर देणारी ती शिष्या कोण? कुठली मैफल, कुठलं साल? काही नाही. संथ, म्हणजे विलंबित, बडा ख्याल एक ट्रॅक, त्याच रागातला जलद द्रुत दुसरा ट्रॅक, आणि शफल चालू राहिलं असेल तर मारवा रागाच्या विलंबितानंतर थेट कुणाची तरी भैरवी. ज्या मुलाने पहिल्यांदाच मारवा ऐकला, त्याला तो तिथेच संपतो असं वाटलं तर त्याचा काय दोष?

हे असं का, याचा मी शोध घेतला. एमपी३ फाइलीसोबत माहिती ठेवायची जी पद्धत १९९६ साली निघाली, तिच्यात फाइलीच्या शेवटी १२८ बाइटची जागा असायची. शीर्षकाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला एक आकडा. हे घर गाण्यासाठी बांधलेलं होतं. एक गाणं, एक गायक, एक अल्बम. राग, ताल, साथीदार यांना त्यात खोलीच नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत जागा भरपूर झाली, पण सवय पहिल्या घराचीच राहिली. जागा आहे म्हणून कुणी भरत नाही.

सगळा दोष यंत्राचा नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणं झाली. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारतात. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. ते नाव ऐकताना मला दर वेळी शहारा येतो. आपलं नाव आपणच गाण्यात बांधून पाठवायचं, म्हणजे वाटेत हरवणार नाही. पण तबल्यावर, सारंगीवर कोण होतं, ते कुणी पुकारलं नाही. १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली. तिच्यावर आपल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या बाईंचा आवाज सगळ्या ग्रहांच्या पलीकडे गेला, याचा मला अतोनात अभिमान आहे. नासाच्या यादीत त्यांचं नाव 'सूरश्री' या किताबासह आहे. साथ करणाऱ्यांची नावं तिथेही नाहीत.

साथीदारांची नावं न चुकता घेतली ती आकाशवाणीने. "तबल्यावर साथ केली आहे…" असं निवेदकाने म्हटलं की मी पेन्सिल उचलायचो. वहीची सुरुवात तिथून झाली, १९७९ साली. तारीख, केंद्र, राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, कोण गायलं, साथीला कोण. आज अकरावी वही चालू आहे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे वही सोडणं मला शक्य नाही.

१९८४ मधली एक संध्याकाळ. मी घरी नव्हतो. वडील रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवर निघता निघता रेडिओवर बागेश्री रागातलं गाणं सुरू झालेलं त्यांनी ऐकलं, टू-इन-वनमध्ये (रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्रात) होती ती कॅसेट घातली, बटण दाबलं आणि डबा घेऊन निघून गेले. सुरुवातीची घोषणा आधीच होऊन गेली होती. सी-६० कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. द्रुतातली तान चालू असताना फीत संपते. शेवटची घोषणा तिच्यात नाही. गाणाऱ्या बाईंचा आवाज जाड, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, भरलेला, आणि राग उलगडत नेणारी बढत अशी की कुठे घाई नाही. कुणाचा आवाज ते कुणालाच सांगता येईना. वहीत त्या दिवसाच्या पानावर "बागेश्री, विलंबित एकताल" एवढं लिहून पुढे मोकळी जागा ठेवली.

२०१४ साली कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या. तीस मिनिटांच्या बाजूला तीस मिनिटंच लागतात, त्यात लबाडी चालत नाही. ही बागेश्री फोनवर आली. गाणं ओळखणाऱ्या ॲपला ऐकवली. त्याला काही सापडलं नाही, सापडणारही नव्हतं. जे प्रसिद्ध झालेलं आहे तेवढंच त्याला ठाऊक.

तीन वर्षांनी एका वृद्ध तबला मास्तरांना भेटायला गेलो. ते अंथरुणाला खिळलेले होते. सहज म्हणून फोन उशाशी ठेवून ही बागेश्री लावली. डोळे मिटून त्यांनी तालाची दोन आवर्तनं ऐकली. मग बोटं चादरीवर हलायला लागली. म्हणाले, "हा तिरकिट माझा आहे." तिरकिट म्हणजे तबल्याचा बोल. मला वाटलं, आजारपणात माणूस बोलतो काहीबाही. तेवढ्यात म्हणाले, "त्या दिवशी तबला उतरत होता रे. थांब, आता हातोडी घेईन." आणि थोड्याच वेळात, बाई मध्यमावर थांबलेल्या असताना, हातोडीचे तीन हलके ठोके ऐकू आले. तेहतीस वर्षं ते ठोके मी फितीतली खरखर समजत होतो.

मग त्यांनी बाईंचं नाव सांगितलं. आमच्याच भागातल्या, केंद्रावर गायच्या, रेकॉर्ड कधी निघाली नाही. त्यांच्या मुलीचा पत्ता काढला आणि ध्वनिमुद्रण पाठवलं. तिच्याकडे आईचा आवाज नव्हता. फोटो होते, एक कात्रण होतं, आवाज नव्हता. नाव बाहेर कुठे छापू नका, असं तिने सांगितलंय, म्हणून इथे देत नाही. वहीत १९८४ च्या पानावर दोन्ही नावं आहेत, निळ्या शाईत, आधीच्या पेन्सिलीच्या शेजारी.

फोन नसता तर ती बागेश्री मास्तरांच्या उशाशी पोचली नसती, हे मी विसरत नाही. आणि त्यांनी ती ऐकली नसती तर माझ्या फोनमध्ये ती फाइल "ट्रॅक १" या नावानेच राहिली असती.

म्हणून सांगतो, ऐका, हवं तितकं ऐका. पण घरात कुणाच्या कॅसेटी, स्पूल (टेपची मोठी रिळं) पडून असतील तर उतरवताना त्यांच्या कव्हराच्या पट्टीवरचं अक्षरही उतरवून घ्या. फाइलीला नाव देताना साथीदारांची नावं घाला. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांबद्दल एक विनंती: वेग तपासा. सगळ्या तबकड्या अठ्ठ्याहत्तरवरच भरलेल्या नव्हत्या. ७८ ची ८० वर फिरवली तरी आवाज जवळपास पाव स्वर चढतो आणि ऐकणाऱ्याला गायकाची पट्टीच चुकीची कळते.

माझ्या वह्यांत अजून सात ठिकाणी नाव कोरं आहे. त्यातली एक पुरिया धनाश्री रागाची आहे. पुरुषाचा आवाज, साथीला व्हायोलिन, सांगली केंद्र, १९८६ चा पावसाळा. मध्ये एकदा गायक हलकेच "वा" म्हणतात, व्हायोलिनवाल्याला. त्या दिवसांत ते कार्यक्रम कुणी ऐकले असतील, किंवा त्या काळात केंद्रावर व्हायोलिनची साथ कोण करायचं हे कुणाच्या घरी माहीत असेल, तर या एकदा. ऐकवतो.