साईट ४०३ आणि बाहेर पाऊस

काल रात्री मालवणात धो धो पाऊस, लाईट तीनदा गेली, आणि मी काकांच्या होमस्टेची साईट नव्या सर्व्हरवर चढवत बसलेलो. इंजिनएक्स (साईट लोकांना दाखवणारा सर्व्हर प्रोग्राम) रीस्टार्टच होईना, त्याची सेटिंग फाईल तपासायला मायनस टी मारलं तर म्हणे चूक १४व्या ओळीत, खरा सेमीकोलन मात्र १३व्या ओळीच्या शेवटी खाल्लेला (नेहमीचंच, एक ओळ वर बघायचं). मग टेस्ट सक्सेसफुल, आणि साईट उघडली तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'! फाईलींची परवानगी ६४४ (सगळ्यांना वाचता येतं), सगळं बरोबर, तरी तेच. शेवटी नेमआय मायनस एल (वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दाखवणारी कमांड) लावलं तेव्हा दिसलं, होम फोल्डरच ७५० वर (मालक आणि त्याच्या ग्रुपशिवाय कुणाला प्रवेश नाही), म्हणजे ज्या युझरने इंजिनएक्स फाईली वाचतं तो बिचारा उंबऱ्यावरच अडकलेला. ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) मारायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. फोल्डर होमबाहेर हलवला, ७५५ केला (बाकीच्यांनाही आत येऊन वाचता येतं), चालली एकदाची. तेवढ्यात आतून काकी, "रे, जेवतलंस मा?" आणि परत लाईट गेली.