मटक्याच्या पैशातलं मैदान

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला पाहुणे आले की इथली मंडळी त्यांना हौसेनं ओकलंडमधली एक जुनी विटांची भिंत दाखवतात. फोर्ब्ज फील्ड हे 1909 चं बेसबॉलचं स्टेडियम कधीच पाडलं, पण कुंपणाचा एवढा तुकडा राखून ठेवला. दर 13 ऑक्टोबरला पायरेट्स या इथल्या संघाचे चाहते तिथे जमतात आणि 1960 च्या वर्ल्ड सिरीजमधल्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम मालिकेतल्या, शेवटच्या सामन्याचं रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. बिल मॅझेरोस्कीनं होमरन मारून न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला हरवलं की टाळ्या पडतात. निकाल ठाऊक असूनही!

मला मात्र जवळच्या हिल डिस्ट्रिक्टमधली बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यू जास्त खुणावते. तिथे भिंतसुद्धा उरलेली नाही, रस्त्याकडेला फक्त एक निळा फलक आहे: इथे ग्रीनली फील्ड होतं.

गस ग्रीनली हा त्या मैदानाचा मालक. वायली अ‍ॅव्हेन्यूवर त्याचं क्रॉफर्ड ग्रिल नावाचं हॉटेल होतं, तिथे जॅझ रंगायचं. खरी कमाई मात्र आकड्यांची. म्हणजे सरळ मटकाच म्हणा ना! आपला मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा, तसा इथला आकडा बऱ्याचदा पेपरात छापून येणाऱ्या शेअर बाजाराच्या आकड्यांवरून काढत. धंदा बेकायदा, पण बँका कृष्णवर्णीयांना दारात उभं करत नसत तेव्हा वस्तीतली माणसं अडीनडीला ग्रीनलीकडेच जात. त्याला नुसता गुंड म्हणून मोकळं होणं मला जमत नाही.

फोर्ब्ज फील्ड कृष्णवर्णीय संघांना भाड्यानं मिळे, पण तिथल्या ड्रेसिंग रूममध्ये पाऊल टाकायची त्यांना मुभा नसे. तेव्हा 1932 मध्ये, मंदी ऐन भरात असताना, ग्रीनलीनं सुमारे एक लाख डॉलर ओतून स्वतःचं मैदान बांधलं आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या आपल्या कृष्णवर्णीय संघात एकेक हिरा जमवला. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, ज्युडी जॉन्सन. पुढे हे पाचही जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. पेज चेंडू टाकण्यात जितका पटाईत तितकाच थापा मारण्यातही. तो सांगायचा, बेल इतका चपळ की दिव्याचं बटण दाबल्यावर खोलीत अंधार व्हायच्या आत गडी अंथरुणात शिरलेला असतो.

गिब्सनच्या दंतकथा तर विचारूच नका. म्हणे त्यानं पिट्सबर्गमध्ये मारलेला चेंडू खाली आलाच नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात आभाळातून एक चेंडू पडला, क्षेत्ररक्षकानं झेलला, आणि पंच गिब्सनला म्हणाला, 'तू काल पिट्सबर्गमध्ये बाद!'

1937 मध्ये डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याच्या नावाच्या संघासाठी पेज, गिब्सन आणि बेल यांना भरभक्कम पैसे देऊन पळवलं गेलं. क्रॉफर्ड्सचा कणाच मोडला. 1938 मध्ये मैदान पाडून तिथे सरकारी वसाहत बांधायला घेतली.

गिब्सन परतला तो नदीपलीकडच्या होमस्टेड ग्रेज संघात. (त्या संघाचा मालक कम पोझी हे वेगळंच प्रकरण. बेसबॉल आणि बास्केटबॉल, दोन्ही खेळांच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळालेला तो एकमेव माणूस. त्याच्यावर पुन्हा कधीतरी निवांत लिहीन.) गिब्सनच्या मेंदूत गाठ झाली होती. 20 जानेवारी 1947 ला तो गेला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. पुढे तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बेसबॉलच्या सर्वोच्च मेजर लीगचं, तोवर कृष्णवर्णीयांना बंद असलेलं दार उघडलं. अ‍ॅलेगेनी दफनभूमीतल्या गिब्सनच्या थडग्यावर 1975 पर्यंत नावाचा दगडही नव्हता.

पायरेट्सच्या नदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये 2006 साली गिब्सन, पेज वगैरे सात जणांचे पुतळे बसवले. चांगलं केलं. 2015 मध्ये ते काढले आणि लिलावात विकले. का, याची कितीही कारणं ऐकली तरी मला एकही पटलेलं नाही.

मे 2024 मध्ये मेजर लीग बेसबॉलनं निग्रो लीगची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या त्या वेगळ्या स्पर्धांची, आकडेवारी अधिकृत विक्रमांत धरली. कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत तोवर पहिला असलेला टाय कॉब मागे पडला आणि जॉश गिब्सन पहिला आला.